तीन वाजून तीन मिनिटं

भाषा आली नाही तरी आकडे येतातच, असं मी जन्मभर मानत आलो. नोकरी सगळी कॅशियरच्या जाळीआड गेली. जाळीपलीकडचा माणूस कानडी बोलला, गुजराती बोलला किंवा नुसताच खाकरला, तरी त्याच्या स्लिपवरचा आकडा मला कळायचा आणि माझ्या हातातल्या नोटा त्याला कळायच्या. त्यामुळे "बाबा, आता दोघं सुवॉनला येऊन राहा" असं मुलगा म्हणाला तेव्हा आमच्या हिला "तिथे बोलायचं कसं?" ही काळजी लागली आणि मी बिनघोर होतो. बाजारात माणसाला बोलायचं काय असतं? किती आणि केवढ्याला. दोन्ही माझ्याच खात्यातल्या गोष्टी.

सुवॉन हे सोलच्या दक्षिणेला मेट्रोने तासाभरावरचं शहर. गावाभोवती अठराव्या शतकाच्या अखेरीला बांधलेली तटबंदी आहे आणि ती, डागडुजी करून का होईना, बरीचशी धड आहे. सातारकराला तटबंदीचं एवढं कौतुक नसतं, पण ‘धड’ या शब्दाचं असतं. तर तिथे पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सूनबाईने फ्रिजवर दोन कागद चिकटवले. एकावर लिहिलं होतं: हाना, दुल, सेत, नेत, तासोत, योसोत, इलगोप, योदोल, आहोप, योल. दुसऱ्यावर: इल, ई, साम, सा, ओ, युक, छिल, फाल, कू, शिप.

"हे काय?"

"एक ते दहा, बाबा."

"आणि हे?"

"तेही एक ते दहा."

मला वाटलं, एक कागद माझ्यासाठी आणि एक हिच्यासाठी असेल. तसं नव्हतं. दोन्ही सगळ्यांसाठी होते आणि कुठे कुठला वापरायचा ते ठरलेलं होतं. कोणी ठरवलं, या प्रश्नावर सूनबाई म्हणाली, "पोहे घेताय का अजून?" ही मुलगी उत्तर नसलं की सासऱ्याला खायला घालते.

पुढे परदेशी लोकांसाठी चालणाऱ्या फुकट वर्गात जाऊ लागलो तेव्हा उलगडा झाला. पहिल्या कागदावरचे आकडे अस्सल कोरियन. दुसऱ्या कागदावरचे चीनमधून लिपीबरोबर, पोथ्यांबरोबर आणि दरबारी कागदपत्रांबरोबर आलेले. अस्सल आकडे नव्याण्णवपर्यंतच जातात. पूर्वी शंभराला ‘ओन’ आणि हजाराला ‘जुमुन’ असे त्यांचे स्वतःचे शब्द होते, ते आता जुन्या ग्रंथांत राहिले. म्हणजे नव्याण्णवपर्यंत स्वराज्य आणि शंभरापासून पुढे चिनी अंमल. मी माझ्यापुरती त्यांची नावं ठेवली: घरचे आकडे आणि कचेरीचे आकडे. माणसं, अंडी, पेले, पुस्तकं, कुत्री आणि आपलं वय हे घरच्या आकड्यांत. पैसे, तारखा, फोन, मजले, बसचे क्रमांक, किलोमीटर हे कचेरीच्या. कारकुनाला ही विभागणी पटण्यासारखी होती. ज्याची पावती फाडता येते ते कचेरीचं.

मग घड्याळ आलं. कोरियन घड्याळ हे जॉइंट अकाउंट आहे. तास घरचा, मिनिट कचेरीचं. तीन वाजून तीन मिनिटं झाली असतील तर पहिला तीन ‘से’ आणि दुसरा तीन ‘साम’: से शी साम बुन. एकाच दमात, एकाच वेळेसाठी, तोच आकडा दोन वेषांत. बरं, पहिला तीन ‘सेत’ होता, तो ‘से’ कसा झाला? तर पुढे काही मोजायचं असलं की घरच्या आकड्यांचं शेपूट तुटतं. हानाचा हान, दुलचा दू, सेतचा से, नेतचा ने. पाचापासून दहापर्यंत गप्प असतात आणि विसाला पुन्हा ‘सुमुल’चा ‘सुमु’ होतो. वर्गात माझ्या शेजारी बसणाऱ्या चिनी बाईंना कचेरीचे आकडे ओळखीचे वाटत, त्या घरच्यांवर अडत. माझं दोन्हीकडे समान होतं.

एक मात्र कबूल करायला हवं, या दुहेरी कारभाराला अर्थ आहे. ‘बुन’ म्हणजे मिनिट, आणि ‘बुन’ म्हणजे आदराने उल्लेखलेला माणूससुद्धा. ‘दू बुन’ म्हटलं की दोन मान्यवर, ‘ई बुन’ म्हटलं की दोन मिनिटं. हॉटेलच्या दारात पोरगा वाकून विचारतो, किती ‘बुन’ आलात? आपण उत्तर देताना ‘बुन’ म्हणायचं नाही, स्वतःला मान देऊन घेतल्यासारखं होतं. साधं ‘म्योंग’ म्हणायचं. दू म्योंग. दोन डोकी. आत जाऊन बसलं की बिबिमबाप मागवायचं. भातावर भाज्या रचलेला तो वाडगा, आणि वाडगे घरच्या आकड्यांनी मोजतात, म्हणून दू गुरुत. तव्यावरची तिखट कोंबडी मागवली तर ती माणशी वाट्याने मोजतात आणि वाटा कचेरीचा, म्हणून ई इनबुन. टेबल तेच, खाणारी दोघं तीच, पण डोक्यांना दू, वाडग्यांना दू आणि कोंबडीला ई. बिल अर्थातच पूर्ण कचेरीचं.

बाजारात मात्र आमच्या हिचं राज्य. सुवॉनच्या जुन्या वेशीजवळ पालदालमुनचा बाजार आहे, त्याला लागून मोतगोल बाजार. अरुंद बोळ, वर छप्पर, दोन्ही बाजूंना किमची, वाळलेली मासळी, टोफू, भोपळ्याचं पीठ, आणि मधून ढकलगाड्या. ही तिथे पहिल्या दिवसापासून एका आकड्यावर बाजार करते. ‘इगो हाना’, म्हणजे हे एक. तीन हवे असतील तर तीनदा ‘हाना’ म्हणते. मी फ्रिजवरचे कागद तोंडपाठ करत असताना हिच्या पिशवीत मुळे, पातीचा कांदा आणि वर फुकट मिळालेली मूठभर मिरची असे. वर काहीतरी घालून देण्याला तिथे ‘दोम’ म्हणतात. हा शब्द हिला कोणी शिकवला नाही. मंडईत जन्म गेलेल्या बाईला तो हवेत ऐकू येतो.

पण मोजायचं म्हटलं की नुसता आकडा पुरत नाही, त्याच्या मागे मोजायच्या वस्तूची जात लावावी लागते. कुत्रा, बांगडा, डास यांना ‘मारी’. पुस्तकाला ‘ग्वोन’. कागदाला ‘जांग’. बाटलीला ‘ब्योंग’, पेल्याला ‘जान’. बुटांच्या जोडीला ‘ख्योल्ले’. झाडाला चक्क ‘गुरु’. यावर आपण हसायला जावं तर आपल्याकडे कोथिंबिरीची जुडी, कोबीचा गड्डा, केळ्यांचा घड आणि त्याच घडाची फणी, कागदाचा ताव, मासळीचा वाटा. तेव्हा मी हसलो नाही. पण वाळवणाच्या दुकानात जे ऐकलं त्याने मी पाटी टाकली. वाळवलेल्या माकुळ्या वीस असल्या की एक ‘छुक’. लसूण शंभर गड्डे असले की एक ‘जोप’. समुद्री शेवाळाचे ते पापडासारखे कागद शंभर असले की एक ‘थोत’. म्हणजे ‘एक’ म्हटलं की कधी वीस मिळतात, कधी शंभर. आणि तराजूवरचा ‘गुन’ हा मांसाचा ६०० ग्रॅम, भाजीचा ४००. काटा तोच, खाली ठेवलेली वस्तू बघून वजन ठरतं. आमच्या बँकेत असं कोणी केलं असतं तर चौकशी लागली असती.

खाऱ्या बांगड्यांचं दुकान मात्र मी रोज बघत उभा राहू शकेन. तिथे बांगडा ‘सोन’वर मिळतो. ‘सोन’ म्हणजे हात, आणि एक हात म्हणजे दोन बांगडे, हाताच्या पकडीत मावतील एवढे. दुकानातली आजी एक मोठा बांगडा उचलते, त्याचं पोट आधीच चिरलेलं आणि मीठ भरलेलं असतं. मग त्याच्याहून जरा लहान बांगडा घेते, त्याचं डोकं मोठ्याच्या गल्फड्याखाली सरकवते आणि अंगठ्याने दाबून त्याला मोठ्याच्या पोटात असा बसवते की वरून बघणाऱ्याला एकच जाडजूड मासा दिसावा. मीठ तिच्या नखांत, मनगटावर, दुकानाच्या काचेवर. आमच्या हिने दोन हात मागितले, म्हणजे ‘हाना’ दोनदा म्हटलं, आणि हिशेब करायला उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवर फिरवायला सुरुवात केली. आजी थबकली. तिथे मोजताना पंजा उघडा ठेवून अंगठ्यापासून एकेक बोट आत मिटतात, मूठ झाली की पाच, मग करंगळीपासून पुन्हा उघडायला लागतात. एका बोटावर तीन-तीन पेरं मोजणारी बाई तिने कधी पाहिली नसावी. तिने हिचा हात हातात घेतला, स्वतःच्या बोटांची पेरं मोजून पाहिली, बारापर्यंत गेली आणि खूश होऊन शेजारच्या टोफूवालीला हाक मारली. त्या दिवशी दोम म्हणून तिसरा बांगडा मिळाला. मी तिथेच उभा होतो, दोन्ही कागद पाठ असलेला, आणि माझ्याकडे पिशवी धरण्यापलीकडे काम नव्हतं.

अंड्यांचा ट्रे तिथे तीस अंड्यांचा. त्याला ‘फान’ म्हणतात. आमच्या वर्गातल्या बाईंना ‘सोनसेंगनिम’ म्हणायचं, म्हणजे गुरुजीच. त्या एकदा उसासा टाकून म्हणाल्या की यंदा त्यांचा अंड्यांचा एक ट्रे भरला. तिशीत पदार्पण केलेल्याला तिथे असंच म्हणतात. साठी भरणाऱ्याला दोन ट्रे म्हणतात का, असं मी विचारणार होतो, पण तेवढं व्याकरण झालं नव्हतं.

पैशाकडे मी मोठ्या अपेक्षेने वळलो. तिथे तरी दोन आकडे नाहीत, सगळं कचेरीचं. नोटाही देखण्या. पाच हजारांच्या नोटेवर सोळाव्या शतकातले विद्वान यी ई, आणि २००९ मध्ये निघालेल्या पन्नास हजारांच्या नोटेवर शिन साइमदांग, चित्रकार आणि कवयित्री. त्या यी ई यांच्या आई. आई मुलाच्या बरोबर दहापट! आमच्या हिने दोन्ही नोटा शेजारी शेजारी ठेवून मुलाला दाखवल्या आणि काही बोलली नाही. मुलाने त्या संध्याकाळी भांडी घासली.

गडबड झाली ती शून्यांची. दहा हजाराला कोरियनमध्ये स्वतंत्र शब्द आहे, ‘मान’, आणि तिथून पुढचं सगळं मानांत मोजतात. एक लाख म्हणजे दहा मान, शिपमान. दहा लाख म्हणजे शंभर मान, बेंगमान. एक कोटी म्हणजे हजार मान, छोनमान. दहा हजार मानांचा एक ‘ओक’, म्हणजे आपले दहा कोटी. तोंड चार-चार शून्यांवर थांबतं. छापील स्वल्पविराम मात्र इंग्रजी पद्धतीने तीन-तीन शून्यांवर. आणि माझी नजर आधी तीनावर, मग दोन-दोनांवर थांबायला शिकलेली. बँकेच्या पासबुकात एका रकमेकडे तिघं तीन ठिकाणी श्वास घेतात. मला एकाच जागी हायसं वाटतं, छोनमानला. तिथे कोटी आणि ते नेमके एकमेकांना भेटतात.

गंमत म्हणजे ही चाराची गाठ आपल्याकडेही होती. भास्कराचार्यांच्या लीलावतीत, म्हणजे ११५० साली, दहा हजाराला ‘अयुत’ आणि दहा कोटींना ‘अर्बुद’ असे वेगळे शब्द दिलेले आहेत. अयुत म्हणजे मान, अर्बुद म्हणजे ओक. आपण लाख आणि कोटी ठेवले आणि हे दोन अडगळीत टाकले. टाकले नसते तर मला सुवॉनच्या बँकेत हाताच्या बोटांवर शून्यं मोजावी लागली नसती, आणि काउंटरवरच्या मुलीने "आजोबा, बसा ना" असं दोनदा म्हटलं नसतं. एका कॅशियरने दुसऱ्या कॅशियरला बसा म्हणणं म्हणजे काय, हे त्या धंद्यातल्या माणसालाच कळेल.

मुलाचं घर ‘छोन्से’वर आहे. म्हणजे महिन्याचं भाडं नाही. सुरुवातीला घरमालकाकडे भलीथोरली अनामत ठेवायची, साधारण दोन वर्षांचा करार, आणि सोडताना ती रक्कम परत. मुलाची अनामत तीन ओक, त्यातले बरेचसे बँकेचे. हिने घरात बसल्या बसल्या त्याचे तीस कोटी केले, ते बरोबरच होते, आणि रात्री कराडला बहिणीशी बोलताना सांगून टाकले. ‘वॉन’ हा शब्द बोलण्याच्या ओघात राहिला. रुपयांत ते दोन कोटींच्याही आत बसतात. पण दुसऱ्या दिवशी हिच्या भाच्याचा फोन आला, आणि ज्या भाच्याने लग्नाची पत्रिका व्हॉट्सअॅपवर पाठवली होती त्याने माझ्या गुडघ्यांची पंधरा मिनिटं चौकशी केली.

नातवाला आकड्यांत वेगळाच रस. तिथे आकडे बोलतात. चार म्हणजे सा, आणि सा म्हणजे मरणसुद्धा, म्हणून आमच्या लिफ्टमध्ये तीनानंतर थेट एफ हे इंग्रजी अक्षर आहे आणि मग पाच. सामान हलवणाऱ्या गाड्यांच्या फोनचे शेवटचे आकडे २४२४, कारण ‘ई-सा’ म्हणजे घर बदलणं. ८२८२ म्हणजे फाली-फाली, लवकर-लवकर, हा त्या देशाचा अर्धा स्वभाव. १००४ म्हणजे छोन-सा, आणि छोनसा म्हणजे देवदूत. दक्षिणेकडच्या शिनान या बेटांच्या जिल्ह्यात २०१९ साली एक पूल झाला, त्याचं नावच छोनसा पूल. तर होळीला हिने पुरणपोळ्या केल्या आणि समोरच्या दारी द्यायच्या ठरवल्या. किती? आपण तीन वाढत नाही. ते चार मानत नाहीत. सूनबाई म्हणाली, "आई, इतकं कोणी बघत नाही हो इथे." ही म्हणाली, "आपण बघतो ना." पाच दिल्या. पुरण कमी पडलं आणि माझी एक त्यांच्याकडे गेली.

आमच्या इमारतीच्या फाटकाशी एक वॉचमन असतात. आधीच्या नोकरीतून निवृत्त झालेले गृहस्थ, खाकी टोपी, चहाचा थर्मास. मला बाहेर जाता-येता मान लववायचे, मी लववायचो, पण पुढे काही सरकेना, कारण कोरियन माणसाला समोरच्याचं वय कळल्याशिवाय त्याच्याशी कुठल्या क्रियापदात बोलायचं हे ठरवता येत नाही. शेवटी त्यांनी विचारलंच.

आता माझं वय हा तसाही गुंतागुंतीचा विषय आहे. कागदोपत्री जन्म १ जून १९५६. आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांचा जन्म १ जूनचाच, कारण तो मास्तरांनी घातलेला. आई सांगायची, तू दिवाळीच्या मागेपुढे झालास, ज्या वर्षी तांबू बैल हरवला त्या वर्षी. सुवॉनमध्ये आणखी भर पडली. तिथे परवापरवापर्यंत मूल जन्मलं की एक वर्षाचं धरत आणि १ जानेवारीला साऱ्या देशाचं वय एकदम एकाने वाढे. ३१ डिसेंबरला जन्मलेलं बाळ दुसऱ्या दिवशी दोन वर्षांचं. शेवटी २८ जून २०२३ पासून कायद्याने ठरवलं की सरकारदरबारी वय जगासारखं, वाढदिवसाला वाढणारं. रातोरात देश एकदोन वर्षांनी तरुण झाला. लष्करभरती आणि दारूचं वय यांना मात्र त्यातून वगळलं. तिथे जन्मसालावरूनच हिशेब चालतो.

वॉचमन म्हणाले, "कायद्याने येसुन-आहोप. पण मी इलहुन." कायद्याने एकोणसत्तर, पण मी सत्तर. मला ते ताबडतोब कळलं, कारण आपल्याकडेही माणूस एकोणसत्तर पुरी झाल्यावर "सत्तरावं लागलं" असंच सांगतो. मग नातू मध्ये पडला, त्याने माझं साल विचारलं, फोनमध्ये पाहिलं आणि जाहीर केलं की आजोबांचं वर्ष माकडाचं. वॉचमनचंही माकडाचंच! त्यांनी उठून हात हातात घेतले. एकाच वर्षी जन्मलेल्यांना तिथे ‘तोंगगाप’ म्हणतात, मग मानपान संपतो, दोस्ती सुरू होते. हिला हे सांगितलं तर म्हणाली, "माकडाचं आहे हे सांगायला चिनी पंचांग कशाला हवं होतं?"

पुढे साठीची गोष्ट निघाली. त्यांच्याकडे वर्षांना नावं असतात आणि साठ नावांचं चक्र फिरून जन्मवर्षाच्या नावावर आलं की ‘ह्वानगाप’ करतात, मोठं जेवण, मुलं नमस्कार करतात. मी म्हटलं, आमच्याकडेही प्रभव-विभव धरून साठ संवत्सरं, आणि साठ भरली की एकसष्टी. त्यांची केली तेव्हा जुन्या मोजणीने तेही एकसष्टच होते. त्यांनी थर्मासचं झाकण भरून मला चहा दिला. जवाचा होता. चहा म्हणून ठीक.

त्यांचा फोन नंबर घेतला आणि माझी सगळी विद्या पाण्यात गेली. फोन म्हणजे शुद्ध कचेरी, हे कागदावर स्पष्ट लिहिलेलं. पण हे गृहस्थ सांगू लागले: कोंग, हाना, कोंग... त्यात पुढे दुल आलं, साम आलं, नेत आलं, फाल आलं, आहोप आलं. अर्धे घरचे, अर्धे कचेरीचे. मी घरी येऊन सूनबाईला विचारलं. तिलाही नवीन होतं. मुलाने ऑफिसात विचारून आणलं: ही फौजेतली पद्धत. तिथल्या पुरुषांना सैन्यात सक्तीने नोकरी करावी लागते, आणि वायरलेसवर इल, ई आणि छिल, किंवा सा आणि साम, यांत घोटाळा झाला तर तोफेचा गोळा भलतीकडे जायचा. म्हणून एक, दोन, चार, सहा, नऊ घरचे आणि तीन, पाच, सात, आठ कचेरीचे. हाना, दुल, साम, नेत, ओ, योसोत, छिल, फाल, आहोप, कोंग. शिवाय फौजेत तासही कचेरीचे. ज्या दोन कागदांना एकमेकांचा विटाळ होऊ नये म्हणून मी एवढा जपत होतो, त्यांची तिथे सरळ मिसळ करून टाकलेली. सूनबाईने फ्रिजवर तिसरा कागद लावला. आता दार उघडलं की तो दुधावर पडतो.

त्या मिसळीच्या मानाने नातवाची मोजणी फार स्वच्छ. कचेरीच्या आकड्यांत पंचवीस म्हणजे ई-शिप-ओ, दोन-दहा-पाच. दहा शब्द आले की नव्याण्णवपर्यंत रस्ता मोकळा. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘पंचवीस’च्या जोडीला ‘वीस पाच’ आणलं तेव्हा महाराष्ट्रात केवढा गहजब झाला होता. मीही वर्तमानपत्राला कडक पत्र लिहिलं होतं. छापलं नाही. आता माझाच नातू माझ्यासमोर दोन-दहा-पाच म्हणतो, पंचवीस म्हटलं की "म्हणजे बावन्न ना?" असं विचारतो, आणि मला त्या पत्राची कार्बन कॉपी कुठे ठेवली आहे हे नीट आठवतं.

वॉचमनना मराठी आकड्यांची हौस आली. खिशातल्या वहीत लिहून घेतात. एक ते दहा झकास झाले. पुढे ‘दहा-एक’ असेल या हिशेबाने त्यांनी आधीच अकरावी ओळ आखून ठेवली होती, तिथे ‘अकरा’ बसवायला त्रास झाला, पण फौजी माणूस, त्यांनी बसवला. एकोणीसला ‘विसाला एक कमी’ हे समजावलं तर ते बेहद्द खूश. एकोणतीस, एकोणचाळीस त्यांनी स्वतःच तयार केले. एकोणनव्वदपर्यंत धडाक्यात आले आणि मग विजयी मुद्रेने म्हणाले, "एकोणशंभर!"

"नव्याण्णव," मी म्हटलं.

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. तेवढ्यात ही पिशवी घेऊन खाली आली. त्यांनी विषय बदलण्यासाठी आम्हा दोघांकडे बोट केलं आणि म्हणाले, "दोन."

"दोघं," नातू म्हणाला. "माणसांना दोघं."

"दोघं," त्यांनी लिहिलं. नातू उड्या मारत मध्ये येऊन उभा राहिला. "आता तिघं!" तेही लिहिलं. मग समोरच्या घरातल्या काकू पुरणपोळ्यांचा रिकामा डबा परत द्यायला आल्या, डब्यात संत्री होती, आणि नातवाने आजीला नि त्यांना शेजारी उभं करून सांगितलं, "आणि या दोघी."

"अइगो," वॉचमन म्हणाले. त्यांनी वही मिटली, टोपी काढून डोकं पुसलं, आणि निदान एवढं तरी सोपं असेल अशा आशेने भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवून मला विचारलं, "मराठी?"

पावणेदोन झाले होते. मी संत्र्यांचा डबा उचलला आणि सगळ्यांना लिफ्टकडे पिटाळलं.